अवर्षणातून रोजगार हमी, अतिवृष्टीतून आरोग्य हमी

मृग नक्षत्राच्या तोंडावर राज्यातील प्रत्येक तालुक्याच्या गावी मान्सूनपूर्व तयारीची बैठक भरते. आजरा त्याला अपवाद नाही. कोणते बंधारे पाण्याखाली जातील, कोणते रस्ते तुटतील, झाडे पडल्यास कोणी तोडावयाची, विजेच्या तारा कोणी जोडावयाच्या, याचा ऊहापोह या बैठकांतून होतो. तो आवश्यकही आहे. परंतु पाणी ओसरल्यानंतर सुरू होणाऱ्या आपत्तीचा विचार अशा बैठकांतून अभावानेच होतो. पूर चार दिवसांत उतरतो. त्याच्या मागून येणारा ताप, कावीळ, अतिसार, सर्पदंश आणि सांधेदुखी यांची आपत्ती दिवाळीपर्यंत घराघरांत मुक्काम ठोकून राहते. पुराची नोंद फुटांत होते व ती वर्तमानपत्रांत छापून येते. या दुसऱ्या आपत्तीची नोंद केवळ सावकाराच्या आणि औषधविक्रेत्याच्या वहीत राहते.

हवामान बदल हा शब्द आता खेड्यातील शेतकऱ्यालाही परका राहिलेला नाही. मात्र या प्रश्नाची चर्चा अजून दोनच अंगांनी होते. एक, जागतिक परिषदांतील उत्सर्जनाच्या वाटाघाटी. आणि दुसरे, पिकांचे नुकसान व त्याचे पंचनामे. माणसाच्या शरीराचे जे नुकसान होते त्याचा पंचनामा कोणीच करीत नाही. श्रमिकाच्या मालकीचे एकमेव भांडवल म्हणजे त्याचे शरीर. बदलते हवामान नेमके त्या भांडवलावर घाला घालीत असताना त्याच्या रक्षणाची कायदेशीर जबाबदारी कोणावर आहे, हा प्रश्न समाजवादी चळवळीने ऐरणीवर आणला पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. २०२४ हे वर्ष औद्योगिकपूर्व काळाच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक उष्ण ठरले. असे पूर्ण वर्ष प्रथमच नोंदले गेले. भारतापुरते बोलावयाचे तर १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. आकडा किरकोळ वाटतो. परंतु हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हे बाष्प मग चार महिने संथ धारेने पडण्याऐवजी चार दिवसांत कोसळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. कोल्हापूर जिल्ह्याने याचा प्रत्यय घेतला आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ती नदी ५५ फुटांच्या वर गेली, आणि शतकात एकदा येणारा पूर म्हणून ज्याचे वर्णन झाले तो पूर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा ५६ फुटांच्या आसपास येऊन उभा राहिला.

आजरा तालुक्याची भूरचना या संकटाला विशेष अनुकूल आहे. आंबोलीच्या डोंगरात उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा आणि गडहिंग्लज तालुक्यांतून वाहत कर्नाटकात घटप्रभेस मिळते. पश्चिमेस घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस, तर उत्तूरच्या बाजूस उतरावे तसा तो झपाट्याने कमी होत जाणारा. एकाच तालुक्यात पाण्याने कुजणारे गाव आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी ताटकळणारे गाव शेजारीशेजारी नांदतात. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार. ती डोंगरकपारीतील लहान लहान गावांत आणि वाड्यांत विखुरलेली. साळगावचा बंधारा पाण्याखाली गेला ही दर पावसाळ्यातील ठरलेली बातमी. गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय वीसएक किलोमीटरवर, आणि कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय ऐंशी किलोमीटरहून दूर. निरोगी माणसाला बंधारा बुडाल्याने वळसा पडतो. बाळंतीण, सर्पदंश झालेला शेतमजूर किंवा तापाने फणफणलेले मूल यांच्या बाबतीत तोच वळसा जीवनमरणाचा प्रश्न होतो.

सर्पदंशाचेच उदाहरण घ्यावे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. यांतील बहुसंख्य मृत्यू खेड्यांतील, आणि निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील. बिळात पाणी शिरले की साप कोरड्या जागेच्या शोधात घराकडे, गोठ्याकडे, गवताच्या गंजीकडे सरकतो. म्हणजे अतिवृष्टी, सर्पदंश आणि बंद पडलेला रस्ता ही तिन्ही एकाच दिवशी येतात. यावरील लस नवी नाही, दुर्मीळही नाही. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेसारख्या सार्वजनिक संस्थेने ती पिढ्यान्‌पिढ्या तयार केलेली आहे. प्रश्न इतकाच की, बंधारा बुडण्यापूर्वी ती बंधाऱ्याच्या पलीकडील आरोग्य केंद्रात पोहोचलेली असते काय, आणि ती टोचण्यास व नंतर रुग्णावर लक्ष ठेवण्यास तेथे डॉक्टर असतो काय. या प्रश्नाचे उत्तर हवामानशास्त्र देऊ शकत नाही. ते प्रशासनाने द्यावयाचे असते.

दुसरे उदाहरण रोपलावणीचे. भाताची लावण म्हणजे आठ आठ तास गुडघाभर चिखलात उभे राहून वाकून करावयाचे काम, आणि ते प्रामुख्याने स्त्रिया करतात. उंदरांच्या व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायाच्या भेगांतून आणि जखमांतून शरीरात शिरते, आणि लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने घातलेला धुमाकूळ सर्वांना आठवत असेल. घाटाखालच्या सिंधुदुर्गालाही हा ताप परिचित आहे. वेळीच ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होणारा हा रोग; परंतु 'अंगावर काढण्याची' सक्ती असलेल्या बाईच्या बाबतीत तो मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. लावणीच्या हंगामात आठ दिवस घरी बसणे तिला परवडत नाही. म्हणून तिच्या आजाराचे कारण केवळ जंतू हे नाही. बुडणाऱ्या मजुरीची धास्ती हेही त्याचे तितकेच खरे कारण आहे.

डासांमुळे होणाऱ्या रोगांची कथाही अशीच. उष्णता वाढली, विशिष्ट मर्यादेपर्यंत, की डासाच्या शरीरात विषाणू पक्व होण्यास लागणारा काळ घटतो, आणि साथीला वेग येतो. १९७३ साली बार्शी येथे चिकुनगुन्याची साथ आली होती. नंतर तीन दशके हा रोग विस्मृतीत गेला आणि २००५-०६ मध्ये परतला तो महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांत पसरला. तो माणसाला सहसा मारीत नाही. पण महिनोन्‌महिने सांधे धरून ठेवतो. कारकुनाला त्यामुळे त्रास होतो, आणि रजाही मिळते. ज्याला खुरपे धरावयाचे आहे, त्याची मात्र उपजीविकाच जाते. मृत्यूच्या आकड्यांवरून रोगाचे गांभीर्य मोजणाऱ्या शासनयंत्रणेला हे नुकसान दिसतच नाही.

येथे एका रोगाविषयी सावधपणे बोलले पाहिजे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात प्रथम आढळलेला माकडताप सह्याद्रीच्या कडेने उत्तरेस सरकत आला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आणि त्यापाठोपाठ सावंतवाडी तालुक्यातील बांद्याच्या परिसरात त्याचे रुग्ण आढळले. त्यात माणसे दगावली. गोचिडीच्या चाव्यातून होणारा हा ताप जंगलात लाकूडफाटा आणणाऱ्यांना आणि काजूच्या बागांत बी वेचणाऱ्यांना गाठतो. हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंतचा त्याचा हंगाम आणि काजूचा हंगाम एकच. सावंतवाडी तालुका आंबोलीमार्गे आजऱ्याला लागून आहे. दोन्हीकडे काजूच्या बागा आहेत. म्हणून आजऱ्याने या रोगाकडे शेजारच्या घरातील आग म्हणून पाहता कामा नये. मात्र याचे सारे खापर हवामानावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. जंगलांची मोडतोड, जंगलाला लागून वाढलेल्या बागा आणि माणसाचा व गुरांचा तेथील वाढता वावर ही याची प्रमुख कारणे मानली जातात. हवामानातील बदल त्यांत भर घालतो. राज्यकर्त्यांना 'हवामान बदल' हा शब्द अलीकडे सोयीचा वाटू लागला आहे, कारण ज्याला सर्व जग जबाबदार त्याला कोणीच जबाबदार नाही असे म्हणून मोकळे होता येते. ही पळवाट मान्य करता येणार नाही. पश्चिम घाटाच्या परिसंस्थेचा विचार करून माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली दिलेला अहवाल कोणत्या हितसंबंधांनी अडवून धरला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

पावसाइतकाच उन्हाचा प्रश्न गंभीर आहे. आजऱ्याला थंड हवेचा तालुका म्हणण्याची प्रथा आहे. परंतु पत्र्याच्या छपराखाली, भट्टीच्या धगीत काजू बी भाजणाऱ्या व फोडणाऱ्या कामगार स्त्रीला हवामान खात्याचे तापमान लागू नसते. तिचे तापमान पत्रा आणि भट्टी ठरवितात. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की शरीर थंड होत नाही. मग पारा चाळिशीला न पोहोचताही काम करणाऱ्या माणसाला भोवळ येते. साखर कारखान्यांचा हंगाम लांबला की फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात फडात कोयता चालविणाऱ्या ऊसतोड मजुरांची स्थिती याहून वाईट. उन्हाने माणसे मरतात याची जाणीव महाराष्ट्राला १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे झाली. शासकीय पुरस्काराच्या सोहळ्यासाठी भर दुपारी उघड्यावर बसविलेल्या समुदायातील १४ जणांचा बळी गेला. तेथे निदान कॅमेरे होते. फडात, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर जो कोसळतो त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'उष्माघात' हा शब्द सहसा येत नाही. 'हृदयक्रिया बंद पडली' एवढेच येते, आणि ते अर्थातच खोटे नसते. अहमदाबाद शहरात मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत एरव्हीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू अधिक झाले, हे मृत्यूंची नोंद तपासून पाहिल्यामुळेच कळले. त्यातून २०१३ साली त्या शहराने देशातील पहिली उष्णता कृती योजना आखली. मोजल्याखेरीज दिसत नाही, आणि दिसल्याखेरीज कोणी हलत नाही, हा त्यातील धडा.

या सर्व रोगांचा एक समान धागा आहे. ज्यांनी हवा तापविली त्यांना ते होत नाहीत. अमेरिकेतील माणशी वार्षिक कार्बन उत्सर्जन १४ टनांच्या आसपास, भारतातील दोन टनांच्या आसपास. भारताची ही सरासरीदेखील फसवी आहे; वातानुकूलित इमारत आणि मातीचे घर, विमान आणि एस. टी. यांची ती सरासरी आहे. लावणी करणाऱ्या बाईचा या तापण्यातील वाटा शून्याजवळचा, आणि तिचा भुर्दंड सर्वांत मोठा. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. साध्या मराठीत याचा अर्थ असा की, एकाने खावे आणि दुसऱ्याने बिल भरावे. बिल कसे भरले जाते तेही पाहण्यासारखे आहे. २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला. शासनाचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणात मात्र तो २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन होते. या हिशेबात बुडालेली मजुरी धरलेलीच नाही. रुग्णाची मजुरी, त्याच्याजवळ बसणाऱ्याची मजुरी, जाण्यायेण्याचे गाडीभाडे, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज यांची बेरीज केली, तर श्रमिक कुटुंब एका तापात किती मागे जाते हे कळेल.

शासनाने काहीच केलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. हवामान बदल आणि मानवी आरोग्य यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून अस्तित्वात आहे. हवामान खात्याचे इशारे पूर्वीपेक्षा अचूक आणि लवकर मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, हेही स्वागतार्ह. परंतु जेथे डॉक्टरचे पद रिक्त आहे, तेथे निःशुल्क काय मिळणार? विमा योजनेचे पत्रक हाती असले तरी विमा रुग्णालयातील खाटेचे पैसे देतो; तो विहिरीत टीसीएल पावडर टाकीत नाही, पाण्याचा नमुना तपासत नाही आणि गोचिडीपासून वाचण्यासाठी अंगाला लावावयाचे तेल वाडीवर पोहोचवीत नाही. ही कामे आरोग्य सेवक, आरोग्य सेविका आणि आशा करतात. आशा कार्यकर्तीची योजना २००५ साली सुरू झाली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. पण शासनाच्या दप्तरी ती कर्मचारी नव्हे, 'स्वयंसेविका' आहे. तिला वेतन नसते, 'मोबदला' असतो, आणि त्याच्या वाढीसाठी महाराष्ट्रातील आशांना २०२३-२४ मध्ये पुन्हा पुन्हा संपावर जावे लागले. जगाने जिचा सत्कार केला तिला राज्याने रस्त्यावर बसविले. हवामान बदलाशी लढणाऱ्या सैन्याची ही अवस्था आहे.

मग करावयाचे काय? महाराष्ट्राच्या इतिहासातच याचे उत्तर आहे. १९७२ च्या दुष्काळापूर्वी या राज्यात दुष्काळी कामे निघत असत. परंतु ती निघणे वा न निघणे हा सरकारच्या मर्जीचा भाग होता. कलेक्टरने टंचाई जाहीर करावी, तेव्हा खडी फोडण्याचे काम मिळावे, अशी ती दयेची व्यवस्था. १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात वि. स. पागे यांनी एक प्रयोग केला, आणि मागेल त्याला काम ही कल्पना मांडली. १९७२-७३ च्या भीषण अवर्षणाने ती कल्पना मुख्य प्रवाहात आणली. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. डाव्या आणि समाजवादी पक्षांच्या मोर्चांनी व खडी केंद्रांवरील संघटनांनी शासनावर दडपण आणले. त्यातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता. २००५ साली देशाने याच धर्तीवर कायदा केला.

रोजगार हमीत दोष नव्हते काय? होते. हजेरीपटावर खोटी नावे होती, मजुरी महिनोन्‌महिने रखडत होती, ठेकेदार मागच्या दाराने शिरत होता. परंतु एक मूलभूत बदल झाला. मजूर जो तहसीलदारासमोर हात जोडून उभा राहत असे, तो अर्ज हातात घेऊन उभा राहू लागला. अवर्षण ही देवाची करणी आहे हे मानले, तरी त्यामुळे येणारी उपासमार ही शासनाची जबाबदारी आहे, हे तत्त्व कायद्याने प्रस्थापित केले. आज अतिवृष्टी आणि उष्णता यांच्या बाबतीत त्याच तत्त्वाची गरज आहे. ढगफुटी शासनाच्या हाती नाही. परंतु ढगफुटीनंतर लस नसल्याने, डॉक्टर नसल्याने, शुद्ध पाणी नसल्याने झालेला मृत्यू ही नैसर्गिक आपत्ती मानता येणार नाही. अवर्षणातून रोजगार हमी जन्मली. अतिवृष्टीतून आरोग्य हमी जन्माला आली पाहिजे.

या हमीचा आशय नेमका असला पाहिजे, अन्यथा तिची घोषणाच तेवढी उरेल. पहिली गोष्ट, दर वर्षी १ जून रोजी प्रत्येक आरोग्य केंद्राने मंजूर पदे, भरलेली पदे आणि सर्पदंशाची लस, प्रतिजैविके, क्षारसंजीवनी यांचा साठा दर्शनी फलकावर लिहून जाहीर करावा. जी गावे पावसाळ्यात तुटतात त्यांच्यासाठी चार महिन्यांचा साठा आणि कर्मचाऱ्याचा मुक्काम नदीच्या त्या तीरावर असावा. दुसरी गोष्ट, पूर ओसरताच ठरलेल्या मुदतीत प्रत्येक सार्वजनिक पाणवठ्याची तपासणी व्हावी आणि निष्कर्ष ग्रामपंचायतीवर लावला जावा. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीने घेतलेले बळी, आणि २०२५ च्या प्रारंभी पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात उद्भवलेली गुलेन बारी विकाराची साथ, या दोन्हींनी दूषित पाण्याचा धोका शहरालाही दाखवून दिला आहे. खेड्याला तर तो नित्याचाच. तिसरी गोष्ट, उष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी दुपारचे काम थांबविण्याचा आणि त्या तासांची मजुरी मिळण्याचा हक्क काजू कारखान्यातील, फडातील आणि बांधकामावरील कामगाराला असावा. चौथी गोष्ट, हवामानाशी निगडित म्हणून घोषित केलेल्या रोगांत बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी. आणि पाचवी, ज्यांच्या पायांवर ही सारी व्यवस्था उभी राहणार, त्या आशांना कर्मचारी म्हणून वेतन मिळावे. यांतील कोणतीही सेवा ठरलेल्या मुदतीत न मिळाल्यास नागरिकाला भरपाई मागता आली पाहिजे. बेकारी भत्त्याने रोजगार हमीला दात दिले होते. आरोग्य हमीलाही दात हवेत.

'पैसा कोठून आणावयाचा?' हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. तोही रोजगार हमीच्या वेळी विचारला गेला होता, आणि महाराष्ट्राने त्याला चोख उत्तर दिले होते. १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदाराने आणि व्यावसायिकाने खेड्यातील मजुराच्या कामासाठी थोडा भार उचलावा, आणि जमा होईल तेवढीच रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी, अशी ती रचना होती. घटनेच्या २७६ व्या कलमानुसार या कराची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे, आणि ती १९८८ च्या घटनादुरुस्तीने ठरलेली आहे. तेव्हापासून रुपयाचे काय झाले ते सांगावयास नको. महिना काही लाख मिळविणाराही तेवढाच कर भरतो. ही मर्यादा वाढवून वरच्या उत्पन्नगटाकडून आरोग्य हमीसाठी निधी उभारता येईल. दुसरा मार्ग कोळशाचा. २०१० साली केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसविला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. स्वच्छ ऊर्जा व पर्यावरण हा त्याचा हेतू होता. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा या उपकराची जागा राज्यांना द्यावयाच्या नुकसानभरपाईच्या उपकराने घेतली आणि मूळ हेतू बाजूस पडला. धूर ज्याचा, दंड त्याचा, आणि औषधपाणी ज्याला धुराचा चटका बसला त्याचे, हे तत्त्व मान्य केले तर निधीची वाण पडणार नाही. वाण आहे ती राजकीय इच्छाशक्तीची.

दुसरा आक्षेप असा की, जागतिक प्रश्नावर एका तालुक्याने काय करावे. या आक्षेपाला केरळने उत्तर दिले आहे. १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेनंतर तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रे पंचायतींच्या कक्षेत आली. ऑगस्ट २०१८ च्या महापुरानंतर लेप्टोची साथ तेथेही उसळली, माणसे दगावलीही. परंतु स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन प्रतिबंधक गोळ्या वाटण्याची मोहीम तातडीने हाती घेतली. हे शक्य झाले, कारण पूर येण्यापूर्वीच तेथे व्यवस्था उभी होती. पूर आल्यावर व्यवस्था उभारता येत नाही. असलेली व्यवस्था फार तर धावू शकते.

आजरा तालुक्याला संघर्षाचे धडे कोणी शिकवावेत असे नाही. चित्री, उचंगी, आंबेओहोळ, सर्फनाला या प्रकल्पांच्या निमित्ताने येथील धरणग्रस्तांनी जो लढा दिला, त्याचा आधार 'आधी पुनर्वसन, मग धरण' या सूत्रात होता. हानी होऊन गेल्यावर दिलेली मदत ही भीक असते आणि हानीपूर्वी मिळविलेली तरतूद हा हक्क असतो, हे त्या सूत्राचे मर्म. तेच आता आरोग्याला लावावयाचे आहे. आधी दवाखाना, मग पावसाळा.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी यासाठी मुंबईतील कायद्याची वाट पाहत बसू नये. प्रत्येक गावात कागदोपत्री ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. ती प्रत्यक्षात बसते काय, तिच्या निधीचा विनियोग कसा होतो, हे ग्रामसभेत विचारावे. गावोगाव एक साधी वही ठेवावी. तीत कोण आजारी पडले, कोणत्या रोगाने, किती दिवस काम बुडाले, किती कर्ज झाले, कोणत्या दवाखान्यात काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याची नोंद करावी. रुग्णाची नावे बाहेर जाणार नाहीत याची दक्षता घ्यावी. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम झाले आहे. त्या अनुभवाचा उपयोग करून घ्यावा. एका पावसाळ्याची अशी शंभर गावांची नोंद हाती आली, तर विधानसभेतील दहा भाषणांनी जे होणार नाही ते तिच्याने होईल. अहमदाबादेत मृत्यू मोजले गेले म्हणून शहर हलले. आजऱ्यात बुडालेले दिवस मोजले गेले पाहिजेत. डॉक्टर, आरोग्य सेविका आणि आशा यांना या लढ्यात प्रतिपक्ष समजू नये. अपुऱ्या साधनांनिशी ज्या आघाडीवर त्यांना उभे केले जाते, तेथे तेही त्याच अन्यायाचे धनी आहेत.

हिरण्यकेशीला पूर येणे थांबणार नाही. पुढील काही दशके तो अधिक अनिश्चित, अधिक आकस्मिक होत जाईल, असेच शास्त्र सांगते. पाऊस कोणावर पडेल हे कोणी ठरवू शकत नाही. परंतु त्या पावसाने कोणी मरावे आणि कोणी वाचावे, हे समाजाची रचना ठरविते, आणि समाजाची रचना बदलता येते, या विश्वासावरच समाजवादी चळवळ उभी आहे. पन्नास वर्षांपूर्वी खडी केंद्रावर बसलेल्या मजुराने दुष्काळाला कायद्याच्या चौकटीत आणले. आज चिखलात उभ्या असलेल्या बाईला महापुराच्या बाबतीत तेच करावयाचे आहे. तिच्या बाजूने उभे राहण्यास पक्षाने पहिल्या पावसापूर्वी सिद्ध झाले पाहिजे.